साडेतेरावरचा शेंदूर

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढं मी कोणाला काय बोललो ते वाचून कोणी नवल करू नये. बायको म्हणायची, रोज सकाळी मोटारीत पाणी घालता तसा एक तांब्या आपल्याही डोक्यावर ओतत जा. आता ते काम वयानं आपोआप केलं आहे. पण ही गोष्ट आहे तेव्हा मी तिशीच्या आत होतो, किन्हीराजाजवळच्या एका गावच्या पाटलांची मोटार चालवत होतो, आणि माझ्या कामात कोणी खोट काढली की मला ती रात्रभर डसत राहायची.

लढाईचे दिवस होते. लढाई आमच्यापासून लांब, पण तिच्यापायी टायर मिळेनात. पाटलांच्या मोटारीचे टायर घासून घासून इतके गुळगुळीत झाले होते की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. ठिगळं लावून मी वर्षभर रेटलं. मग अकोल्याच्या मिस्त्रीनं कुठून तरी एका मोठ्या गाडीची चार चाकं मिळवली, रिम आणि टायर सगळंच, आणि आमच्या मोटारीला बसवून दिली. चाकं आधीपेक्षा मोठी. मोटार जमिनीपासून दोन बोटं वर उचलल्यासारखी दिसायला लागली. पाटील खूष. म्हणाले, "आता कशी ऐटदार दिसून राह्यली."

ऐट ठीक होती, पण अकोल्याहून परत येतानाच माझ्या मनात खुट्ट झालं. मोटारीत वेग दाखवायचा काटा असतो. तो पंधरावर होता, म्हणजे ताशी पंधरा मैल. पण माझ्या हाताला, बुडाला आणि कानाला मोटार पंधराची वाटेना. कडेची बाभळीची झाडं जरा घाईनं मागं चालली होती. मेडशीच्या अलीकडं एक सायकलवाला टपालवाला नेहमी दिसायचा. त्याला मागं टाकायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला नाही. मी विचार केला आणि गोष्ट सरळ होती. मोटारीचा काटा चाकाचे फेरे मोजतो, जमीन मोजत नाही. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात ते जास्त जमीन कापतं, आणि काट्याला त्याचा पत्ताच नसतो. तो आपला जुन्या चाकाचा हिशेब धरून बसलेला.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पंधराचे साडेसोळा झाले तर कोणाचं काय बिघडतं. पण तेव्हा बिघडण्यासारखं होतं.

पाटलीणबाईंना सहावा महिना सरत आला होता. त्याआधी दोनदा घरात पाळणा आणला होता आणि दोन्हीदा तो तसाच माळ्यावर चढवावा लागला होता. एकदा पाचव्या महिन्यात, एकदा सातव्यात. दोन्ही वेळा त्या बैलांच्या दमणीतून माहेरी गेल्या होत्या आणि वाटेतल्या हादऱ्यांनी घात केला, असं घरात सगळे धरून होते. या वेळी पाटलांनी त्यांना अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. त्या म्हणाल्या, सातवा लागला की इकडं आणून ठेवा, बाळंतपण इथंच होऊ द्या. मोटारीनं आणा, पण ताशी पंधरा मैलांच्या वर वेग नको. आणि सावकाशीच्या नावाखाली दिवसभर बसवूनही ठेवू नका, बसण्याचाही त्रास होतो. पाटलीणबाईंच्या आईनं अकोल्यात दोन खोल्या घेऊन आधीच बिऱ्हाड मांडलं होतं.

पाटलांनी ते पंधरा डोक्यात कोरून ठेवलं. पंधरा म्हणजे पंधरा. सोळा नाही आणि बाराही नाही. निघायच्या दिवशी ते माझ्या शेजारी बसून काट्यावर नजर ठेवणार होते.

आठ दिवस राहिले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ओसरीवर पानाचा डबा उघडून बसले होते.

"मालक, काटा कमी दाखवते. चाकं मोठी झाली तवापासून. पंधरा दाखवला की मोटार त्याच्यावर पळून राह्यली."

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कोन पायजे? मले समजते."

"कशानं समजते?"

बुडानं समजतं असं मालकासमोर म्हणता येत नाही. मी म्हणालो, "सवयीनं." पाटील हसले. मला तिथंच तिडीक आली. मी म्हणालो, मोजून पाहू. पंधराच्या वेगानं एक मैल जायला बरोबर चार मिनिटं लागायला पाहिजेत. सडकेवर मैलाचे दगड आहेत, तुमच्या खिशात घड्याळ आहे. चार मिनिटांच्या आत मैल संपला तर मी खरा.

पाटील माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा बोललेला शब्द त्यांना मागं घेता यायचा नाही. ते म्हणाले, पेट्रोल कुपनावर मिळून राह्यलं, तुह्या हौसेपायी मी ते जाळू देनार नाही. तरीपण एक मैल मोजू. एकच. आणि तुझं खोटं निघालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी त्यांना मालेगावात काम होतं. ते उरकल्यावर आम्ही वाशीमच्या सडकेला लागलो. चौथ्या दगडापासून पुढं सडक सपाट आणि एक बारीक वळण सोडलं तर सरळ होती, म्हणून तो मैल धरला. चौथ्या दगडाशी आलो तेव्हा काटा पंधरावर स्थिर होता. पाटलांनी घड्याळ उघडून मांडीवर धरलं. मी काटा हलू दिला नाही. एवढं सांभाळून मी बायकोशीही कधी बोललो नसेन.

पाचवा दगड आला. कडुनिंबाखाली, मातीच्या छोट्या ओट्यावर, शेंदरानं माखलेला. शेंदराखालून पाचाचा आकडा अर्धा दिसत होता. आमच्याकडं दगडाला शेंदूर लागायला वेळ लागत नाही, त्यामुळं त्यात नवल वाटण्याजोगं काही नव्हतं. पाटलांनी एका हातानं घड्याळ धरून दुसरा हात कपाळाला लावला. मीही स्टेअरिंगवरचा एक हात काढून नमस्कार केला. मग त्यांनी घड्याळ माझ्यापुढं धरलं.

बरोबर चार मिनिटं. पाच-सहा सेकंद इकडंतिकडं.

"काटा बरोबर हाय," पाटील म्हणाले. "फरक तुह्या डोक्यात हाय. आता सरळ घरी चाल."

मी मोटार माघारी फिरवली. भांडणार कोणाशी? घड्याळ त्यांचं, काटा मोटारीचा, दगड सरकारचा. तिघांनी मिळून मला खोटं पाडलं होतं. घरी येईपर्यंत माझे कान लाल होते. बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "घड्याळ खोटं, काटा खोटा, दगड खोटा, तुमी तेवढे खरे. बरं हाय." मी ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो.

पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. मला सारखं वाटायचं, आपलंच चुकत असेल. आणि तसं वाटून घेतलं की लगेच दुसरं वाटायचं, चुकत नसेल तर? दीड मैलाच्या फरकानं पोटातल्या लेकराला काही होतं का, असं आज कोणी विचारलं तर मी काय सांगणार. नसेलही होत. पण त्या घरात पाळणा दोनदा माळ्यावर गेला होता, आणि तिसऱ्यांदा काही झालं असतं तर स्टेअरिंगवर हात माझे असणार होते. ते मला जन्मभर पुरलं असतं.

निघायच्या दोन दिवस आधी पेट्रोल आणायला मला वाशीमला जायचं होतं. एकट्यानं. सकाळी मोटार पुसत होतो तेव्हा घरात काम करणारी बाई आली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातावर ठेवून म्हणाली, "बाईनं देल्लं." उघडून पाहिलं तर बायकांचं मनगटी घड्याळ. पाटलीणबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. त्या ते कधी घालत नसत, पण रोज किल्ली देत असत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय म्हनाल्या?"

"म्हनाल्या, भावाले सांग, पुन्हा मोजून या. अन् मालकाले नोको सांगू."

भाऊ म्हणजे मी; पण पाटलीणबाई माझ्याशी कधी समोरासमोर बोलल्या नव्हत्या. त्या घरची तशी रीत होती. ओसरीवरचं माझं आणि पाटलांचं बोलणं त्यांनी दाराआडून ऐकलं असणार. मी ते घड्याळ सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि निघालो. माझ्यावर कोणी तरी विश्वास टाकला होता, आणि तोही जिचं सगळं पणाला लागलं होतं तिनं. मला भरून आलं. कोणाला दिसलं नाही ते बरं झालं.

कापसाच्या गाड्या सडकेवर यायच्या आत मी मालेगाव ओलांडलं. चौथ्या दगडापासून पुन्हा काटा पंधरावर. पाचव्याला चार मिनिटं. पुन्हा तेच. मी दात खाल्ले, पण या वेळी थांबलो नाही. पेट्रोल तर जळणारच होतं, जाऊ दे म्हणालो. काटा तसाच धरून सहाव्या दगडापर्यंत गेलो आणि घड्याळ पाहिलं.

तीन मिनिटं आणि वर जेमतेम दहा सेकंद.

मी मोटार कडेला लावली आणि तसाच बसून राहिलो. सडक तीच, काटा तोच, चालवणारा तोच. एक मैल चार मिनिटांचा आणि पुढचा तीन मिनिटांचा कसा? मोटारीला भूत लागलं असेल तर तेवढंच राहिलं होतं. मग वाटलं, मोटार नाही आणि काटाही नाही, तर उरलं काय? उरले दगड.

मी मोटार वळवली आणि पाचव्या दगडाशी आलो. एक म्हातारी कडुनिंबाखाली ओटा सारवत होती. मी उतरून विचारलं, "माय, हा दगड आधीपासून इथंच हाय काय?"

ती मान वर न करता म्हणाली, "इथं कायचा? तिकडं होता, वळनावर. भर उनात."

"मंग इकडं कोनं आनला?"

"आमीच आनला. गाडीचं चाक बसे त्याले येता-जाता. देवाले चाक लागू द्यायचं काय?" आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "माह्या सुनेचं लेकरू जगत नोतं. तिनं या दगडाले शेंदूर लावला, नवस केला, तं पोरगं जगलं. मंग गावातल्या दुसऱ्या बायाही याले लागल्या. सडकेची माय म्हनतात. मंग आमी इचार केला, देव उनात कायले ठेवाव. चार गडी लागले, दिवाळीच्या आधी सावलीत आनून बसवला."

मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. सरकारनं मैल मोजून दगड पुरला होता, आणि या लोकांनी देवाला ऊन लागतं म्हणून तो फर्लांगभर पुढं नेऊन बसवला होता. चौथ्या आणि पाचव्या दगडांमधला मैल लांबला होता. मोटार काट्यापेक्षा जेवढी जोरात पळत होती, बरोबर तेवढाच मैल लांबला होता. म्हणून घड्याळात चार मिनिटं येत होती. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. आणि पाटील आणि मी, दोघं जाणते म्हणवणारे, त्या दगडाला हात जोडून पुढं गेलो, पण देव ओट्यावर कसा चढला हे एकानंही विचारलं नाही. बायकोसमोर मी खरा ठरलो याचा आनंद नंतर झाला. आधी स्वतःचा राग आला.

म्हातारी मला वळणापर्यंत घेऊन गेली आणि जागा दाखवली. दगड उपटलेला खड्डा अजून बुजला नव्हता. त्यात कोणी तरी नारळाची शेंडी टाकली होती.

परत येताना तिनं विचारलं, "तुले काय पायजे होतं देवापाशी?"

मी सांगितलं. आमच्या बाईचं सांगितलं, पाळण्याचं सांगितलं, काट्याचंही सांगितलं. काटा तिला किती समजला कोण जाणे. पण तिनं दगडावरचा चिमूटभर शेंदूर नखानं खरवडला, ओट्यावरच्या पळसाच्या पानात गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जाय," म्हणाली.

मग मी ते काम नीट केलं. पाचवा दगड सोडून दिला. चौथ्यापासून आठव्यापर्यंत चार मैल, काटा पंधरावर. सोळा मिनिटं लागायला हवी होती, लागली साडेचौदा, त्यातही थोडी कमीच. माझं बूड खरं बोलत होतं. वाशीमला पेट्रोल भरलं, चहा प्यालो, पेट्रोलच्या कुपनामागं पेन्सिलीनं त्रैराशिक मांडलं. शाळेत चौथीपर्यंतच गेलो, पण त्रैराशिक पक्कं होतं. उत्तर साडेतेराच्या आसपास आलं. येताना आठव्या दगडापासून चौथ्यापर्यंत काटा साडेतेरावर धरला. तोवर गाड्या सडकेवर आल्या होत्या. गाडीवानांना ओरडून ओरडून बाजूला काढताना माझा घसा बसला, पण काटा हलू दिला नाही. चौथ्या दगडाशी घड्याळ पाहिलं. सोळा मिनिटं.

मी मोटार थांबवली. पान उघडलं, शेंदराला बोनेटमधल्या तेलाचा थेंब लावून मळला, आणि काट्यावरच्या काचेवर, दहा आणि वीस यांच्या मध्ये, साडेतेराच्या जागी, करंगळीनं एक टिपका दिला. काट्याला काही करायची गरज नव्हती. तो आपल्या जागी बरोबरच होता. कुठं थांबायचं तेवढंच त्याला दाखवायचं होतं.

घड्याळ त्या बाईच्या हातून परत पाठवलं आणि निरोप दिला, "म्हना, मोजलं."

पाटलांना मी सगळं सांगितलं. घड्याळ कोणाचं ते सोडून. दगडाची गोष्ट ऐकताना त्यांचा पानाचा हात तोंडाशीच थांबला. शेवटी म्हणाले, "आपुन हात जोडले होते काय त्याले?"

"हो. दोघांनीबी."

ते उठले. मोटारीपाशी गेले, वाकून टिपका पाहिला आणि घरात गेले. तुझं खरं होतं, असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. मला ते लागलं. खोटं कशाला सांगू.

निघायच्या दिवशी सकाळी मागच्या बाकावर गादी घातली, दोन्ही बाजूंना पडदे लावले. पाटलीणबाई येऊन बसल्या. मोटार सुरू केली तेव्हा मागून आवाज आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकला.

"भाऊ, तो लाल टिपका कायचा हाय?"

मी पाटलांकडं पाहिलं. ते समोर सडकेकडं पाहत होते. मी म्हणालो, "त्याच्यापुढं काटा न्यायचा नाही, बाईसाहेब. शेंदूर हाय. सडकेवरच्या देवीचा."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी पाह्यते."

आणि त्या खरंच पाहत राहिल्या. मालेगाव गेलं, मेडशी गेली. पातूरच्या घाटात उतारावर मोटार स्वतःच धावू पाहते. मी खालच्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरवत होतो, आणि प्रत्येक वळणाला काटा टिपक्याला जाऊन टेकायचा. एकदा तो टिपक्याच्या खाली दिसेनासा झाला, तेव्हा मागून फक्त "भाऊ" एवढंच ऐकू आलं. मी ब्रेक दाबला. पाटलांनी त्या सबंध वाटेत एकदाही पंधरा हा शब्द उच्चारला नाही. अकोल्यात पाटलीणबाईंच्या आईच्या दारात मोटार लावली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

तीन महिन्यांनी मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, रडकी, केसाळ. किन्हीराजाच्या बाजारात मला निरोप मिळाला तेव्हा मी बाजाराची पिशवी तिथंच ठेवून घरी आलो, आणि बायकोनं ती आणायला मला परत पाठवलं. माळ्यावरचा पाळणा मीच खाली काढून धुतला.

लढाई संपली. टायर मिळायला लागले आणि मोटारीला पुन्हा जुन्या मापाची चाकं बसली. आता काटा खरं सांगत होता, त्यामुळं टिपका चुकीचा झाला होता. मी तो पुसायला फडकं घेतलं तर बाई दारातून म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ." मग त्या मोटारीत असल्या की मोटार खरोखरच साडेतेरानं चालायची. मालेगावचे सायकलवाले आम्हाला मागं टाकून जायचे. एरवी मला ते खपलं नसतं.

मुलगी चार-पाच वर्षांची झाली तेव्हा तिला पुढं, बापाच्या मांडीवर बसायचं असे. आकडे शिकत होती. बोट काचेवर ठेवून म्हणायची, "दहा. लाल. वीस." तिला वाटायचं, लाल हाही एक आकडाच आहे. एकदा वाशीमला जाताना, त्या कडुनिंबापाशी आलो तेव्हा, तिनं विचारलं, "बाबा, हा लाल कोनं काढला?"

मला वाटलं पाटील काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांनी सडकेवरच्या देवीला हात जोडले. मग मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून म्हणाले, "तुह्या मामानं काढला. त्याचं खरं होतं अन् माह्यं खोटं होतं. म्हनून तू हायेस."

मला सडक जरा धूसर दिसायला लागली. मी वेग कमी केला, आणि काटा दहावर आला.